सेल्फ मारला की मीटर विझतो आणि घड्याळ पुन्हा १२:०० वर. रीसेट करू की बदलू?

मृण्मयी_ऐरोली

नमस्कार मंडळी. स्कूटर १२५ सीसी, बीएस-६, इंजेक्शनवाली, २०२१ चं पासिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की पुढची सगळी चर्चा "तुम्ही अमुक घ्यायला हवी होती" यावर जाते आणि माझा मीटर आहे तिथेच राहतो.

तक्रार अशी. सकाळी चावी फिरवली की मीटर नीट लागतो, सगळी चिन्हं एकदा चमकून जातात. सेल्फचं बटण दाबलं की मीटर पूर्ण विझतो, गाडी चालू होते आणि मग मीटर पहिल्यापासून सुरू होतो. घड्याळ १२:००, ट्रिप ए शून्य, पेट्रोलच्या कांड्या आधी गायब आणि मग एकेक करत परत. एकूण किलोमीटर मात्र शाबूत राहतात. दुपारी इंजिन गरम असलं तर असं क्वचितच होतं. सकाळी मात्र हटकून.

रोजचा रस्ता ऐरोली, दिघा, विटावा, कळवा आणि कोर्टनाका. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली काय होतं ते इथल्या कोणाला सांगायला नको. जुलैत एकदा पाणी पायदानाला लागलं होतं, पण गाडी बंद पडली नाही.

आणखी तीन गोष्टी. एक, पाऊस पडून गेला की मीटरच्या काचेला आतून वाफ धरते. दोन, मे महिन्यापासून डाव्या कोपऱ्यात काळपट-जांभळा डाग आहे (दिवसभर गाडी उघड्यावर असते, वर झाड नाही की पत्रा नाही). तीन, सर्व्हिसिंग झालं तरी पान्याचं चिन्ह जात नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्याने मीटरकडे नुसतं बघून सांगितलं, "मॅडम, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." साडेचार हजार, वर मजुरी. भाऊ म्हणतो, रात्रभर बॅटरी काढून ठेव, सगळं रीसेट होईल. मला दोन्ही पटत नाहीये. कोणी सांगेल का?

कोपरीचा_बंड्या

बॅटरी गेली. नवीन टाका, विषय संपला.

घोडबंदर_४०४

भाऊ बरोबर बोलतोय. मोबाइल हँग झाला की आपण काय करतो? बंद करून चालू. तेच. मीटरचा काय वेगळा हिशोब असतो?

तुर्भेकर_वायरमन

मृण्मयीताई, मीटर बदलू नका. निदान आत्ता तरी नको.

४०४ साहेब, मोबाइल हँग होतो तेव्हा आतला प्रोग्रॅम अडकलेला असतो, म्हणून बंद-चालू केल्यावर सुटतो. इथे ताईंचा मीटर रोज सकाळी आपणहून रीसेट होतोय, तीच तर तक्रार आहे! त्याला रात्रभर आणखी एकदा रीसेट करून काय हाती लागणार? प्रोग्रॅम ठणठणीत आहे, त्याला वीज पुरत नाहीये.

स्कूटरची बॅटरी म्हणजे चार-पाच अँपिअर-तासांची चिमुकली वस्तू. सेल्फ दाबला की ती एका दमात तीस-चाळीस अँपिअर देते. त्या वेळी व्होल्टेज खाली येणारच. मीटरला मिळणारा व्होल्टेज एका मर्यादेच्या खाली गेला की आतली चिप बंद पडते आणि वर आला की पहिल्यापासून सुरू होते. मर्यादा प्रत्येक मीटरची वेगळी. एकूण किलोमीटर कायमच्या मेमरीत लिहिलेले असतात, ते वीज गेली तरी पुसले जात नाहीत. घड्याळ आणि पुष्कळ मीटरमध्ये ट्रिपही चालू विजेवर जगतात. म्हणून तुमचं घड्याळ गेलं आणि किलोमीटर राहिले. गरम इंजिन हलकं फिरतं, सेल्फला जोर कमी लागतो, म्हणून दुपारी त्रास नाही. तुम्ही जे लिहिलंय ते सगळं एकमेकांशी जुळतंय. फक्त "असेंब्ली बदला" हे त्यात कुठे बसत नाही.

आता वीज का पुरत नाही, त्याला दोन जागा. एक बॅटरी. दुसरी बॅटरीपासून मीटरपर्यंतची वाट. बंड्याभाऊंनी पहिल्या जागेवर बोट ठेवलंय आणि दहातल्या बऱ्याच गाड्यांत तेच निघतं. पण न मोजता बॅटरी बदलणं आणि न मोजता मीटर बदलणं यात फरक फक्त पैशांचा.

तीन-चारशेचा मल्टिमीटर मिळतो. शेजारीपाजारी कोणाकडे असेल तर तो आणा. डीसी व्होल्ट, २० च्या रेंजवर ठेवा.

सकाळी चावी न लावता बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ किंवा वर असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे लंगडी. मग कोणालातरी सेल्फ दाबायला सांगा आणि त्याच दोन टोकांवर आकडा बघा. दहाच्या वर राहिला तर ठीक, साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी दोषी. गाडी चालू झाल्यावर थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन बघा, साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये हवा. पंधराच्या वर गेला तर आरआर युनिट (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलंय. मग मात्र घाई करा, कारण ते बॅटरीही खातं आणि मीटरही.

आणि शेवटचं माप, जे सर्व्हिस सेंटरमध्ये मी कोणाला घेताना बघितलेलं नाही. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन इंजिनच्या एखाद्या उघड्या बोल्टवर (रंग नसलेल्या जागी, जरा खरवडून). सेल्फ दाबा. शून्याच्या जवळ यायला हवं, फार तर ०.२, ०.३. इथे एक-दीड व्होल्ट दिसला तर बॅटरीला हात लावू नका, अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची चासी-इंजिनला असलेली जोडणी) खराब आहे. हिशोब सोपा आहे. जोडावर गंज चढून ओहमचा नुसता विसावा भाग रोध तयार झाला तरी चाळीस अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच जळतात. नुसत्या चावीवर मीटर, दिवे, हॉर्न सगळं झकास चालतं, कारण त्यांना एक-दोन अँपिअर पुरतात. सेल्फ दाबला की पितळ उघडं.

ऐरोली खाडीला लागून आहे. खारी हवा, त्यात विटाव्याचं पाणी. माझा अंदाज तुम्हाला आत्ताच कळला असेल, पण आकडे आल्याशिवाय बोलणार नाही.

वाफ, डाग आणि पान्याचं नंतर लिहितो. समोर टेम्पो येऊन उभा राहिलाय, इंडिकेटर बंद.

कोपरीचा_बंड्या

वायरमनदादा, आपली एक बॅटरी विकली गेली असती ती तुम्ही घालवलीत 😄

मृण्मयी_ऐरोली

दादा, मनापासून धन्यवाद. कामावर लॅबमध्ये इन्स्ट्रुमेंटवाल्यांचा मल्टिमीटर असतो, तो शनिवारी घरी आणला. सेल्फ दाबायला बाबांना बसवलं. बाबा प्रत्येक वेळी "दाबू का? दाबला हं" असं ओरडत होते, त्यामुळे अख्ख्या सोसायटीला कळलं.

उभी असताना १२.७. सेल्फच्या वेळी बॅटरीच्या टोकांवर १०.६. चालू झाल्यावर १४.१. आणि ते शेवटचं माप, मायनस ते इंजिन, सेल्फ दाबल्यावर १.९! परत परत बघितलं. १.८ ते २ च्या मध्येच येतंय.

म्हणजे बॅटरी चांगली आहे, बरोबर ना? आणि आता काय करू?

तुर्भेकर_वायरमन

बरोबर. बॅटरी चांगली आहे, चार्जिंगही चांगलं आहे. १०.६ मधून १.९ वजा करा. तुमच्या मीटरची अर्थिंग चासीवरून येत असेल तर सेल्फच्या वेळी त्याच्या हातात ८.७ पडतात. प्लसच्या बाजूला फ्यूज आणि कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) थोडं अजून जातं ते वेगळंच. मीटर विझला यात त्याचा काय गुन्हा?

आता काम. चावी बंद. बॅटरीचा मायनस आधी काढा, मग प्लस. लावताना उलट, प्लस आधी आणि मायनस शेवटी. हा क्रम पाळा, कारण मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चासीला टेकला तर ठिणगी उडते आणि फ्यूज जातो, कधी त्याहून महाग काही जातं.

मायनसची जाड वायर धरून तिच्या मागे मागे जा. ती कुठेतरी चासीला किंवा इंजिनला बोल्टने आवळलेली असते. बहुतेक गाड्यांत बॅटरीच्या डब्यापासून फार लांब नसते. तिथे दहा नंबरचा बोल्ट असेल. काढा. वायरच्या टोकाला जी गोल टिकली असते ती बघा, आणि तिच्याखालचा पत्रा बघा. हिरवट-पांढरी पूड किंवा तांबडा गंज दिसला तर पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासा. पत्र्यावर कंपनीचा रंग असेल तर टिकलीपुरता काढा. पुसून कोरडं करा, बोल्ट घट्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली थापा. आधी जेली लावून मग आवळू नका. वायर टिकलीत दाबलेली असते तिथे आतून काळी पडली असेल तर घासून उपयोग नाही, टिकली कापून नवी दाबून घ्या. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे.

मग परत तेच माप घ्या.

बॅटरी निघालीच आहे तर एक लक्षात ठेवा: घड्याळ लावावं लागेल, आणि "पेट्रोलमध्ये किती किलोमीटर जाईल" हा आकडा तुमच्या मीटरमध्ये असेल तर थोडे दिवस वेड्यासारखा बोलेल. तो आधीच्या चालवण्याच्या सरासरीवर काढलेला असतो, टाकीत बघून नाही.

मृण्मयी_ऐरोली

झालं!!

बोल्ट डिकीच्या खाली, बॅटरीच्या डब्याच्या मागे होता. टिकली हिरवीगार, आणि तिच्या खाली अर्ध्या भागात चक्क कंपनीचा रंग तसाच. म्हणजे पहिल्या दिवसापासून अर्ध्याच पत्र्यावर टेकलेली होती! पॉलिश पेपर बाबांनी घासला, मी टॉर्च धरली. आता तेच माप ०.१५ येतंय. सकाळी सेल्फ मारला, मीटर ढिम्म हलला नाही. घड्याळ बरोबर. सेल्फचा आवाजसुद्धा बदललाय, पूर्वी कण्हत फिरायचा.

बाबा आता खालच्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीची अर्थिंग तपासायच्या मागे आहेत. तुमची वाफ-डाग-पाना पोस्ट बाकी आहे, विसरू नका.

खारघर_काका

अभिनंदन. एक जोडतो. समजा मीटर बदलला असता तर नव्यावर किलोमीटर शून्यापासून सुरू झाले असते. अशा वेळी जुना आकडा, तारीख आणि बिल नंबर सर्व्हिस पुस्तकात शिक्क्यासकट लिहून घ्यावा, नाहीतर विकताना गिऱ्हाईक तुम्हालाच लबाड समजतं. उलटही बघा. जुनी गाडी घेताना मीटर ११,००० दाखवत असेल आणि पायदानाची रबरी चटई, ब्रेकच्या मुठी, किकचं रबर गुळगुळीत झिजलेलं असेल तर जुनी सर्व्हिसची बिलं मागा. प्रत्येक बिलावर त्या दिवसाचे किलोमीटर लिहिलेले असतात.

तुर्भेकर_वायरमन

काकांचं खरं आहे. आकडा मागे फिरवून द्या म्हणून माझ्याकडेही लोक येतात. सरळ फसवणूक आहे ती. मी चहा पाजतो आणि पाठवून देतो.

ताई, राहिलेलं.

पान्याचं चिन्ह. त्याला ऑइल बदललं की नाही हे कळत नाही, तो फक्त किलोमीटर मोजतो. ठरलेला आकडा झाला की लागतो आणि कोणी हाताने पुसेपर्यंत लागलेला राहतो. म्हणजे सर्व्हिस सेंटरवाल्याने ऑइल बदललं असेल पण पुसायला विसरला, किंवा ऑइलही बदललं नाही. डिपस्टिक काढून ऑइलचा रंग बघा, खात्री करा, मग पुसा. पद्धत गाडीगणिक वेगळी आहे. कुठे मोड बटण दाबून धरून चावी लावायची, कुठे मोड आणि सेट दोन्ही एकदम दाबायची. गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं आणि जे कोणी उघडत नाही, त्यात मीटरच्या प्रकरणात दिलेलं असतं. व्हिडिओ बघून दुसऱ्या मॉडेलची बटणं दाबत बसू नका, किलोमीटरचे मैल होऊन बसतात. मग लोक सांगत येतात, गाडी चाळीसच्या वर जात नाही.

ट्रिपचं सोपं. ट्रिप ए समोर आणा आणि बटण दोन-तीन सेकंद दाबून ठेवा. बहुतेक मीटरमध्ये एवढंच. गाडी उभी असताना करा.

पिवळा इंजिनचा दिवा मात्र या गल्लीतला नाही, त्याच्याशी खेळू नका. चावी लावल्यावर लागून इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. चालू गाडीत पेटून राहिला तर इंजिनच्या कॉम्प्युटरने काहीतरी दोष नोंदवलाय. पुष्कळ गाड्यांत बॅटरी काढून तो जात नाही, नोंद कायमच्या मेमरीत असते. आणि गेला तरी तुम्ही फक्त निरोप पुसला, दुखणं तिथेच. स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. दोष दुरुस्त झाला की थोड्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआपही विझतो.

वाफ. पाऊस थांबल्यावर पातळ धुकं धरलं आणि गाडी चालवल्यावर अर्ध्या तासात गेलं तर दुर्लक्ष करा. मीटरला श्वास घ्यायला छोटं भोक ठेवलेलं असतं, तिथून दमट हवा आत जाते आणि बाहेरही येते. थेंब धरून ओघळत असतील किंवा दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर मात्र पाणी शिरतंय. दोन कारणं मी नेहमी बघतो. पहिलं, वॉशिंग सेंटरची प्रेशर गन. पोऱ्या हँडलवर हातभर अंतरावरून गन मारतो. धुताना मीटरवर फडकं टाकायला सांगा आणि गन लांब ठेवायला लावा. दुसरं कारण ताई तुम्हाला हसू येईल, पावसापासून वाचवायला लोक मीटरवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधतात. आतलं दमट आतच कोंडतं आणि सकाळी ऊन पडलं की पिशवीत स्टीम बाथ. बांधायचीच असेल तर खालून मोकळी ठेवा आणि पाऊस थांबला की काढा. काही शहाणे मीटरभोवती सिलिकॉन फासून सगळी भोकं बुजवतात, तेही नको. आत अडकलेलं पाणी मग जन्मात बाहेर येत नाही.

वाफ खूपच असेल तर मीटर काढून, हवाबंद डब्यात नव्या चपलांच्या खोक्यात येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन-तीन दिवस ठेवा. हेअर ड्रायर नको, काच प्लास्टिकची असते, वाकते. मीटर काढलाच तर मागचा कपलर बघा. पिना हिरव्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, मग लावा. आणि वायर कपलरच्या आधी जरा खाली झोल देऊन बांधा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलावरून खाली टपकेल, कपलरमध्ये जाणार नाही.

डाग. हा एक तेवढा जाणार नाही, आधीच सांगतो. एलसीडीच्या पुढे-मागे एक पातळ फिल्म चिकटवलेली असते, पोलरायझर म्हणतात. ऊन आणि उष्णतेने ती करपते, तिचा रंग उडतो. कडक उन्हात कधीकधी अख्खा डिस्प्ले काळा पडतो आणि सावलीत नेला की पूर्ववत होतो, ती निराळी गोष्ट, त्यात बिघाड नाही. पण थंडावल्यावरही राहणारा जांभळा डाग म्हणजे फिल्म गेली. कॅल्क्युलेटर-घड्याळं दुरुस्त करणारे काही जण फिल्म बदलून देतात, मात्र त्यासाठी मीटर फोडून उघडावा लागतो आणि मग तो पहिल्यासारखा सील होत नाही. पावसाळ्यात तर नकोच. आकडे वाचता येत असतील तर राहू द्या. गाडी लावताना तोंड सावलीकडे करा, नाहीतर मीटरवर पांढरं सुती फडकं टाका.

एखाद्या आकड्याची एकच दांडी गायब असेल, म्हणजे ८ चा ६ दिसत असेल, तर ती फिल्म नाही, आतल्या जोडाची भानगड. ताईंच्या मीटरला ते नाहीये.

काच पुसायला आधी पाणी ओता, धूळ वाहून जाऊ द्या, मग साबणाचं पातळ पाणी आणि चष्म्याचं मऊ कापड. कोरड्या फडक्याने घासलं की धुळीचे कण चरे पाडतात. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर, टूथपेस्ट यातलं काही नाही. पेट्रोलने पुसलेली काच सहा महिन्यांत मोतीबिंदू झाल्यासारखी दिसते.

घोडबंदर_४०४

माझा प्रॉब्लेम वेगळा आहे आणि दरवर्षी तोच. गणपतीला गावी जातो, परत येतो तेव्हा मीटर लागत नाही. किक मारून चालू होते, घड्याळ १२:००, पुढचे दोन दिवस सेल्फ नाही. नंतर सगळं ठीक. बॅटरी दोनदा बदलून झाली.

तुर्भेकर_वायरमन

मोबाइल चार्जर लावलाय का हँडलला? आणि तो थेट बॅटरीवर जोडलाय का?

घोडबंदर_४०४

लावलाय. निळा दिवा असलेला. थेट की कसं ते माहीत नाही, दुकानात लावून घेतला. दिवा कायम चालू असतो, चावी काढली तरी.

तुर्भेकर_वायरमन

मग उत्तर तुम्हीच दिलंत. मीटरचं घड्याळ चावी बंद असतानाही थोडे मिलिअँपिअर खातं, तेवढं बॅटरी सोसते. वरून हा चार्जर. दोघं मिळून वीस मिलिअँपिअर धरा. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला वीसने भागा, २५० तास येतात, म्हणजे दहा दिवस. भरलेल्या बॅटरीचा हा हिशोब. तुमची गाडी जाण्याआधीच अर्धी असेल तर गौरी विसर्जनालाच आटोपते. रोज चालवता तेव्हा भरत राहते, म्हणून कळत नाही. इतकी पार उतरलेली बॅटरी सुधारते पण प्रत्येक वेळी थोडी मरते, म्हणून दोन बदलून झाल्या.

चार्जरची लाल वायर चावीनंतर ज्या लाइनला वीज येते तिथे घ्या, मध्ये स्वतंत्र फ्यूज टाका. मीटरच्या वायरला मध्येच सोलून टेप गुंडाळू नका, पुढच्या पावसात तुम्ही याच धाग्यावर मीटरची तक्रार घेऊन याल. गावी जाताना बॅटरीचा मायनस काढून ठेवा. इथे मात्र तुमची बॅटरी काढण्याची आयडिया बरोबर बसते.

घोडबंदर_४०४

😅 मान्य.

सीवूड्स_ईव्ही

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी काही? माझी टचस्क्रीन मध्येच गोठते. वेग, नकाशा सगळं जागच्या जागी. गाडी मात्र पळत असते. फोनही मध्येच तुटतो.

तुर्भेकर_वायरमन

तिथे ४०४ साहेबांचं मोबाइलचं उदाहरण चालेल, कारण ती स्क्रीन म्हणजे खरोखरच छोटा कॉम्प्युटर आहे. गाडी पळत राहते कारण मोटर चालवणारा कंट्रोलर वेगळा असतो. बाजूला उभी करा, मगच पुस्तकात दिलेल्या बटणांनी स्क्रीन पुन्हा सुरू करा, चालत्या गाडीत नाही. कंपनीचा नवा सॉफ्टवेअर अपडेट आला असेल तर गाडी पुरेशी चार्ज असताना आणि घरच्या नेटवर करा. फोन तुटत असेल तर जुनी जोडणी दोन्हीकडून काढायची, फोनमधूनही आणि गाडीतूनही. लोक फोनमधून काढतात आणि गाडीत जुनं नाव तसंच राहतं. नव्याने जोडा. फोनमध्ये बॅटरी वाचवायचा मोड लावला असेल तर त्या अ‍ॅपला त्यातून वगळा, पुष्कळदा तोच मागून गळा दाबतो.

त्यापुढे माझा हात चालत नाही. मोठ्या बॅटरीकडून १२ व्होल्ट बनवणाऱ्या भागात मी कोणालाच हात घालू देत नाही, स्वतःही घालत नाही. तिथे कंपनीचाच माणूस.

पामबीच_पहाटे

माझी शंका जरा बावळट आहे. रोज सकाळी नेरुळहून पाम बीच रोडने वाशीला येतो. नवा गॉगल घेतल्यापासून मीटर काळा दिसतो. गॉगल काढला की सगळे आकडे दिसतात. परवा स्वस्तातला जुना गॉगल घालून गेलो, तर मीटर व्यवस्थित. मीटर खराब की डोळे?

तुर्भेकर_वायरमन

दोन्ही बरे आहेत. नवा गॉगल पोलराइज्ड आहे. वर डागाच्या वेळी ज्या फिल्मबद्दल लिहिलं तीच जात. मीटरच्या फिल्ममधून प्रकाश एकाच दिशेने थरथरत बाहेर पडतो आणि तुमचा गॉगल बरोबर तीच दिशा अडवतो. गॉगल घालून, गाडी उभी असताना, मान खांद्याकडे तिरकी करा. आकडे हळूहळू उजळतील. रस्त्यावर मान तिरकी करून चालवू नका म्हणजे झालं. सकाळी पाण्यावरची चमक डोळ्यांत जाते म्हणून हा गॉगल चांगला असतो, पण मीटर बघायचा तर साधा घ्या.

पामबीच_पहाटे

घरातच एसीच्या रिमोटवर करून बघितलं. रिमोट फिरवला की २४ गायब, परत फिरवला की २४ हजर. बायको म्हणतेय झोपा आता.

तुर्भेकर_वायरमन

मग गॉगल अस्सल आहे. दुकानदाराने फसवलेलं नाही.